उभं राहायची जागा

भीमराजने हेअर ड्रायरचा गरम झोत फोमच्या सुटलेल्या टोकाखाली धरला आणि दुसऱ्या हाताने ते टोक हळूहळू ओढायला सुरुवात केली.

अकरा फुटांची वस्तू दहा फुटांच्या खोलीत मावत नाही.

गोरेगावच्या एका स्टुडिओत भीमराजने व्हिनाइलचा संगमरवरी महाल एका दिवसात अंथरला होता. गाणं झालं, महाल गुंडाळला, टेम्पोत टाकला.

जयंतीच्या मिरवणुकीत निळ्या साडीतली एक मुलगी सपाट रस्त्यावर दोनदा पडली. ती प्यायलेली आहे असं समजून बघणाऱ्या बाईने नाकाला पदर लावला.

शेजारच्या रश्मीच्या पार्लरमध्ये आज दुपारी कुणाचेही केस वाळवले जाणार नव्हते; ड्रायर इथे होता.

खाडी उद्या सकाळी भरणार होती.

"पप्पा, एका जागी धरून ठेवू नका. खालचं प्लास्टिक फुगेल."

"मला शिकवू नको," भीमराज म्हणाला. "तुझ्या जन्माच्या आधीपासून चिकटवतोय आणि उखडतोय."

"ते जमिनीवर. याच्या आत हवा आहे."

"हवा तर तुझ्या डोक्यातही आहे. म्हणून काय मी तुला..." वाक्य त्याने सोडून दिलं, पण ड्रायर मात्र हलवायला लागला. पुढे, मागे, पुढे, मागे.

चेतना भिंतीला पाठ टेकून बसली होती. समोर तिचा बोर्ड आडवा पडला होता. उभं राहून लांब वल्ह्याने वल्हवायचा, हवा भरली की फळीसारखा ताठ होणारा बोर्ड. घरात तो पसरता आला नाही, म्हणून भीमराजने विहाराची किल्ली मागून आणली होती. हॉलमधली व्हिनाइलची चॉकलेटी फरशी त्यानेच घातलेली, त्यामुळे किल्ली मागताना त्याचा आवाज मागणाऱ्याचा नसायचा. आल्या आल्या त्याने पंखे बंद केले. पंख्याने धूळ उडते, धूळ चिकटवायच्या जागेवर बसते. मे महिन्याची दुपार, दारं लोटलेली. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धमूर्तीपुढे सकाळची चाफ्याची फुलं मलूल झालेली. गोराईच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रिक्षांचा आवाज तेवढा आत येत होता.

बोर्डवरचा फोम राखाडी रंगाचा होता. ओल्या पायांना धरून ठेवायला मधोमध चिकटवलेला, मागच्या टोकापर्यंत. वर्षभर बोर्ड पोटमाळ्यावर पत्र्याखाली गुंडाळून ठेवला आणि उन्हाळ्याने आपलं काम केलं. कडा सुटल्या, वर आल्या, वाळलेल्या पोळीसारख्या वळल्या.

भीमराजने ओढलं. फोम चर्रकन निघाला, आणि मधल्या दोन जागा चेतनाला दिसल्या. फोमवरच्या बारीक रेषा तिथे झिजून गेल्या होत्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, टाचेपाशी जास्त. तिच्याच पायांनी झिजवलेल्या.

भीमराजनेही त्या पाहिल्या. तो तुकडा त्याने गुंडाळला नाही. उताणा करून बाजूला ठेवला.

*

वाशिमकडच्या कोरड्या गावातून आलेल्या या घरात पोहणारं कुणी नव्हतं. भीमराज तर समुद्रावर गेला तरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूतच उभा राहायचा. आणि त्याची मुलगी सोमवार ते शुक्रवार मालाडच्या विमा कंपनीत फोनवर बोलायची आणि शनिवार-रविवार खाडीवर लोकांना उभं राहायला शिकवायची. क्लब विशालचा. तो बोर्ड भाड्याने द्यायचा, ती शिकवायची. खारफुटीच्या मधल्या अरुंद पाण्यातून ती माणसांना ओळीने घेऊन जायची. पॅगोड्याला निघालेल्या होडीतली माणसं हात हलवायची.

"पाण्यावर चालते आमची चेतू," भीमराज गल्लीत सांगायचा.

"बुडली तर सांगा, फुलं आणतो," गल्लीतले म्हणायचे, आणि तो त्यांना एक अस्सल वऱ्हाडी शिवी हासडायचा.

मग एका रविवारी ती शिकवता शिकवता पाण्यात पडली. सगळे हसले, तीही हसली. पुढच्या रविवारी पुन्हा. मग जिन्यावर. मग ऑफिसात पाण्याचा ग्लास उचलायला गेलेला हात ग्लासच्या पुढे गेला आणि शेजारच्या मुलीच्या कीबोर्डवर पाणी. मग जयंती.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा तिघं गेली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला असा त्रास? आई, वडील, आजी-आजोबा?"

"नाही," भीमराज ठामपणे म्हणाला. "आमच्यात सगळे पायांचे पक्के. माझा बाप आठवडी बाजाराला वाशिमपर्यंत चालत जायचा. डोक्यावर ओझं घेऊन."

तिची आई शकु म्हणाली, "आमच्यातही कुणाला नाही, साहेब."

दुसऱ्यांदा चेतना आई-वडिलांना न सांगता गेली. विशाल बाहेर बाकावर बसला होता. रक्ताची तपासणी आली होती. मेंदूचा मागचा भाग, तोल सांभाळणारा, हळूहळू आकसत जाणार. थांबवायला औषध नाही. व्यायामाने थोडा वेळ मिळेल. हे रक्तातून येतं, डॉक्टर म्हणाले, आईकडून नाहीतर वडिलांकडून. दर पिढीत आधीपेक्षा लवकर दिसायला लागतं. ज्यांच्याकडून आलं त्यांना अजून काही नसेलही, पण होईल. दोघांना घेऊन या.

तिने नेलं नाही. घरी सांगितलं, नसांचा अशक्तपणा आहे.

त्या दिवसापासून घरात बदामाची पूड आली, खजूर आले, रोज सकाळी तिचे पाय तिळाच्या तेलाने चोळणं आलं. भीमराज तिच्या व्यायामाच्या वेळी समोर बसायचा आणि आकडे मोजायचा. ती पडली की आकडा पुन्हा एकपासून. पावसाळा संपला की उभी राहशील, म्हणायचा. ती चालायला लागली की मात्र दुसरीकडे बघायचा.

खरं कसं सांगायचं ते तिला सापडत नव्हतं. मग बोर्ड आठवला. विशाल म्हणाला होता, तू पुढे बस, मी मागे उभा राहून वल्हवतो. पण पुढच्या भागाला फोम नसतो. ओल्या प्लास्टिकवर तिच्यासारखीला बसताही यायचं नाही. विशालने नवा फोमचा तुकडा मिळवून दिला. एकच. एका जागेपुरता.

तो तुकडा पप्पांच्या हातून पुढे लागला, बसायच्या जागी, तर बाकीचं सांगावं लागणार नाही असं तिला वाटलं. चिकटवता चिकटवता त्यांना कळलेलं असेल. हातांना कळलं की त्यांना सगळं कळतं.

*

"नवा तुकडा पुढे लावायचा, पप्पा."

"पुढे कुठे?"

ती बसल्या बसल्या सरकत बोर्डपाशी आली आणि पुढच्या भागावर तळहात ठेवला. "इथे. मी इथे बसणार. विशाल मागे उभा राहील. त्याच्या पायात रबरी बूट असतात, त्याला नको फोम."

"बसायला कुणी फोम लावतं का? चटई टाक."

"चटई घसरते."

"मग बसू नको. उभी राहा."

भीमराजने थिनरमध्ये फडकं बुडवलं आणि चिकटवायच्या जुन्या सोल्युशनचे पिवळे डाग पुसायला लागला. मधले. मागचे. जिथे फोम होता तिथलेच.

"आता बसायला म्हणून पुढे लावायचा," तो मान वर न करता म्हणाला, "आणि दिवाळीत तू उभी राहिलीस की परत उखडायचा. मला हाच धंदा आहे का? सोल्युशन एकदा धरलं की..."

"सुटत नाही. माहितीये."

"माहितीये तर मग."

"दिवाळीत नाही उभी राहणार मी."

"बरं. नाताळात राहा."

"पप्पा."

"व्यायाम कमी पडतोय तुझा," तो म्हणाला आणि पॉलिश पेपर घेऊन प्लास्टिक घासू लागला. इतक्या जोरात की पुढचं काहीही ऐकू आलं नसतं.

चेतना परत भिंतीशी सरकली. घासून झाल्यावर त्याने नवा तुकडा फरशीवर पसरला, खडूने आकार काढला, आणि कटर घेतला.

हे बघायला तिला लहानपणी आवडायचं. सेटवर नेलं की ती एका खुर्चीवर बसून फक्त हेच बघायची. वीस-वीस फुटांची शीट, गुडघ्यावर बसलेला बाप, आणि त्याच्या हातातला कटर एका दमात या टोकापासून त्या टोकाला. पट्टी नाही, दोरी नाही. लाइटवाले काम थांबवून बघायचे. एकदा एका दिग्दर्शकाने टाळी वाजवली होती, आणि भीमराजने घरी येऊन शकुला ती टाळी वाजवून दाखवली होती.

कटर निघाला. वीतभर सरळ गेला, मग रेघ सोडून बाहेर गेला, मग घाईने आत आला, जरा जास्तच आत.

भीमराज थांबला. "पातं बोथट झालंय."

त्याने पात्याचं टोक मोडून नवीन काढलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. फोमची कड करवतीने कापल्यासारखी दिसत होती.

"पट्टी आहे का गं कुठे?" त्याने विचारलं.

चेतनाने वडिलांना पट्टी मागताना पहिल्यांदाच ऐकलं.

*

शकु थर्मास आणि स्टीलचे पेले घेऊन आली. दाराशी चपला काढल्या, मूर्तीसमोर हात जोडले आणि लगेच सुरू झाली.

"काऊन एवढा घाम? पंखा तरी लावा. तिकडे दोन माणसं विचारून गेली, विहारात काय चाललंय म्हणून. मी म्हटलं, होडी बनवताहेत."

"बोर्ड," चेतना म्हणाली.

"तेच ते. ही घे." तिने लेकीचा पेला अर्धाच भरला आणि तिच्या दोन्ही हातांत नीट बसेपर्यंत सोडला नाही. मग नवऱ्याचा भरून फरशीवर ठेवला. "अहो, चहा."

भीमराजने न बघताच हात पुढे केला. हात पेल्याच्या पलीकडे गेला. थांबला. परत आला, आणि पेल्याला धक्का लागला. चहाचा ओघळ चॉकलेटी फरशीवर पसरत गेला.

"झालं!" शकुने पदराने पुसायला घेतलं. "पेला कुठेय ते तर बघा आधी. महिनाभर हेच चाललंय. पोटात कमी न् लुंगीवर जास्त. चष्मा बदला, चष्मा बदला, म्हणून माझं तोंड दुखलं."

"तुझा चहाच असला असतो. हात म्हणतो, नको."

"मंग पिऊ नका."

"दे गं आता. थोडा उरलाय ना?"

शकु हसली. चेतनाही हसायला गेली, पण तिचं लक्ष त्या हातावर होतं. वस्तूच्या पुढे जाणारा, थांबणारा, परत येणारा हात. तो हात तिला चांगला ओळखीचा होता. वर्षभर ती तोच हात घेऊन जेवत होती, बटणं लावत होती, फोन उचलत होती.

तिने आपला पेला खाली ठेवला. ठेवायला दोन खेपा लागल्या.

गॅसवर डाळ आहे, म्हणून शकु गेली. जाताना दारातून म्हणाली, "संध्याकाळच्या वंदनेच्या आत आवरा. नाहीतर सगळे बसतील तुमच्या होडीत."

*

"पप्पा, एक गंमत करा."

"काय?"

"इथे या. समोर बसा. तुमच्या बोटाने माझ्या बोटाला हात लावा. मग तुमच्या नाकाला. मग परत माझ्या बोटाला. भराभर."

"शाळा आहे का ही?"

"करा ना."

भीमराज तिच्यासमोर मांडी घालून बसला. चेतनाने बोट हवेत धरलं. भीमराजचं बोट आलं आणि तिच्या बोटाच्या बाजूने निघून गेलं. मग नाकाकडे वळलं आणि गालाला लागलं.

"परत."

परत तसंच. या वेळी गालाऐवजी चष्म्याच्या काचेला.

"तुझंच बोट हलतंय गं," भीमराज हसत म्हणाला.

तेही खरं होतं.

"एकदा डाव्या हाताने."

डाव्या हातानेही तसंच. त्याने चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. काचेवर बोटाचा ठसा उरला होता, तो त्याने पुन्हा पुसला.

"शकु म्हणते ते बरोबर आहे. नंबर वाढलाय."

"हो," चेतना म्हणाली. "नंबरच वाढला असेल."

तिला मोरीकडे जायचं होतं असं नाही. पण ती उठली. भिंतीला तळहात लावून, पाय फाकवून, एकेक पाऊल. भीमराजने नेहमीसारखी मान फिरवली. हॉलच्या मागे नळ होता. तिने तो सोडला आणि बराच वेळ सुरूच ठेवला. हातांत पाणी घेऊन तोंडावर मारलं, त्यातलं थोडंच तोंडावर लागलं. बाकीचं कुर्त्यावर. बाहेरच्या माणसाला तोंड धुतलं आहे यापलीकडे काही कळलं नसतं, एवढं बरं झालं.

डॉक्टर म्हणाले होते, दोघांना घेऊन या. आता दोघांना न्यायची गरज नव्हती.

*

ती परत आली तेव्हा हॉलभर सोल्युशनचा उग्र वास पसरला होता. भीमराजने फोमच्या मागच्या बाजूला एक हात दिला होता. बोर्डच्या मधोमध, मागच्या टोकापर्यंत, जुन्या जागेवर दिला होता. आणि पुढच्या भागावरही. तिने मघाशी तळहात ठेवला होता त्या जागी तो चकचकीत, ओला चौकोन होता. कडा वाकड्या, पण मापाने बरोबर.

चेतना भिंतीला धरून उभीच राहिली.

भीमराज सोल्युशन फासायच्या पत्रीने डब्याची कड साफ करत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "दोन्हीकडे लावलंय. सुकेपर्यंत ठरव. तुझा बोर्ड आहे."

"तुम्ही तर म्हणालात, बसायला कशाला."

"म्हणालो. मग विचार केला." पत्री डब्याच्या कडेवरून सटकली, त्याने ती पुन्हा टेकवली. "बसायचंच असेल तर मग नीट बस. घसरून पडण्यापेक्षा बरं. बसलं म्हणून काय झालं? बसून पाणी दिसत नाही का?"

"दिसतं."

"झालं तर."

"जास्त जवळून दिसतं," ती म्हणाली आणि हळूच खाली बसली.

तिला जे हवं होतं ते झालं होतं. बापाच्या हातांना कळलं होतं. आता पुढच्या चौकोनावर तुकडा ठेवायचा, दाबायचा, की संपलं. दिवाळी नाही, नाताळ नाही. सकाळचे आकडे नाहीत. ती ज्यासाठी इथे आली होती ते समोर सुकत पडलं होतं.

सोल्युशन सुकायची वाट बघणं हेच त्या कामातलं खरं काम असतं. ओलं असताना जोडलं तर धरत नाही. फार सुकलं तरी धरत नाही. बोट उलटं करून, नखाची बाजू टेकवून बघायचं. चिकटलं नाही की तयार. भीमराज मधूनमधून बोट टेकवत होता. कधी जागेवर टेकायचं, कधी जागेच्या बाजूला.

"चेतू."

"हं."

"तो विशाल किती दिवसांत शिकवतो? उभं राहायला."

"का?"

"नाही, म्हणजे विशाल दर रविवारी थोडाच येणार तुझ्यासाठी? त्याचं गिऱ्हाईक असतं. लग्न झालं की तर झालंच." तो हसला, मग गंभीर झाला. "मी शिकलो तर? तू पुढे बसायचं. मी मागे उभा राहीन."

"तुम्ही?"

"मी."

"तुम्ही गुडघाभर पाण्यात जात नाही."

"पाण्यात कुठे जायचंय? पाण्यावर जायचंय." त्याने फरशीवर उभं राहून दाखवलं. पाय थोडे फाकवलेले, गुडघे वाकवलेले, हातांत नसलेलं वल्हं. "असंच ना? बघितलंय मी तुला. जेट्टीवर उभं राहून. कितीदा तरी बघितलंय, तुला माहीत नाही. गुडघे कडक ठेवायचे नाहीत आणि खाली बघायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

तो डावीकडे कलला, सावरला. पुन्हा कलला. हात पसरून उभा राहिला.

"बघ, जमतंय."

"जमतंय," चेतना म्हणाली.

ती त्याच्या पावलांकडे बघत होती. रुंद, भेगा पडलेली, आयुष्यभर गुडघ्यांवर काम करून वरून घट्टे पडलेली पावलं. उजव्या पायाची बोटं फरशी घट्ट धरू पाहत होती. त्याने स्वतः घातलेली, एकही फुगवटा नसलेली फरशी.

भीमराज खाली बसला, बोट उलटं करून टेकवलं. "तयार आहे. बोल. पुढे की मागे?"

"मागे."

"मागे?"

"तुम्ही उभे राहणार ना? मग फोम तुम्हाला लागेल. तुम्ही नवीन आहात. नवीन माणूस घसरतो."

"आणि तू?"

"मी चटई टाकेन."

"चटई घसरते म्हणालीस."

"बांधेन."

भीमराजने तुकड्याचं एक टोक उचललं. मग म्हणाला, "एकदा धरलं की सुटत नाही, हां."

"माहितीये. लावा. पण लवकर शिकायचं."

"एवढी काय घाई आहे?"

"पावसाळा लागला की क्लब बंद होतो," ती म्हणाली. "उद्याच या. विशालला सांगते मी. उद्यापासून."

"उद्या?" भीमराजने लुंगीची गाठ घट्ट केली. मग खांदे उडवले. "चल. उद्या तर उद्या."

दोघांनी तुकडा दोन टोकांना धरला. त्याच्या बाजूचं टोक थरथरत होतं, तिच्या बाजूचंही. मागचं टोक आधी टेकवलं, मग हवा न ठेवता इंच इंच पुढे. एका जागी सुरकुती आली. भीमराजने ती अंगठ्याने ढकलत कडेपर्यंत नेली आणि बाहेर काढली. वाकड्या कापलेल्या कडा बोर्डच्या कडेशी कुठे जुळल्या, कुठे नाही.

"कड खराब आली," तो म्हणाला.

"पाण्यात कोण बघतंय?"

"मी बघणार ना. पाय तिथेच असतील माझे."

त्याने लाकडी रोलर घेतला. दाब देत मधून बाहेर, मधून बाहेर. रोलर मध्येच फोम सोडून प्लास्टिकवर जायचा, तो परत आणायचा. चेतनाने थोडा वेळ बघितलं. मग सरकून त्याच्या शेजारी आली आणि रोलरच्या दांड्यावर, त्याच्या हाताच्या वर, आपला हात ठेवला. त्याने काढ म्हटलं नाही. दोघांचा मिळून रोलर बऱ्यापैकी सरळ चालला.

काम संपल्यावर भीमराजने खिडक्या उघडल्या, पंखे लावले आणि डबा, कटर, पत्री पिशवीत भरायला घेतली. वंदनेला यायची वेळ होत आली होती. चेतना बोर्डच्या पुढच्या टोकाशी बसून होती. तिथलं सोल्युशन पूर्ण सुकलं होतं. सुकलेलं सोल्युशन बोटाने चोळलं की त्याच्या शेवया होऊन निघतात. ती तो चौकोन एका कोपऱ्यापासून चोळत होती, आणि निघालेल्या शेवया दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळा करत होती, म्हणजे फरशीवर कचरा राहायला नको.

"राहू दे गं," भीमराज म्हणाला. "थिनरने पुसतो मी."

"होत आलं."

"सकाळी किती वाजता निघायचं?"

"पाणी भरलं की," चेतना म्हणाली.

भीमराजची आई शेवटची काही वर्षं अंगणातून बसल्या बसल्याच सरकायची. तिचं वय झालंय, असं घरातले सगळे म्हणायचे.